घरचा शेक

लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिएशन देते." एवढं बोलून मी गप्प बसते आणि मजा बघते. बाई आधी माझ्या हातांकडे बघते, मग आपली खुर्ची वीतभर पलीकडे सरकवते. माझ्या बांगड्यांतून किरणं निघून तिच्या जिलेबीवर पडतायत, असं तिला वाटत असावं. मी लगेच हात लांब करून तिच्याकडे मिठाची वाटी मागते. माझ्या नवऱ्याला हा प्रकार आवडत नाही. पण इतकी वर्षं नोकरी केल्यावर माणसाला एवढी गंमत करायला हरकत नसावी.

खरं तर घाबरण्यासारखं काही नाही. आमची किरणं नळाच्या पाण्यासारखी असतात. चालू केली की येतात, बंद केली की थांबतात, कुणाच्या पदराला चिकटून घरी जात नाहीत. जाड भिंतींच्या खोलीत एक टेबल असतं. त्यावर रुग्णाला निजवायचं, अंगावरच्या खुणा मशीनच्या उजेडाच्या रेघांशी जुळवायच्या आणि आपण बाहेर यायचं. मग तिजोरीसारखं जड दार बंद होतं. आत रुग्ण एकटा, बाहेर आम्ही, आणि दोघांच्या मधे एक कॅमेरा आणि एक माईक. मशीन त्याच्याभोवती फिरतं, जरा गुणगुणतं आणि थांबतं. दुखत नाही, भाजत नाही, दिसत तर काहीच नाही. "झालं?" असं विचारत माणूस उठून बसतो, आणि थोडा नाराजही होतो. एवढ्या मोठ्या मशीननं काहीतरी करून दाखवायला हवं होतं, असं त्याला वाटतं.

दुसऱ्या दिवशी परत यायचं. असं काही आठवडे. यात खंड पडू द्यायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. रोज थोडा थोडा मार देत गेलं तर गाठीला सावरायला वेळ मिळत नाही. मधेच थांबलं की ती पुन्हा डोकं वर काढते.

या उपचाराला इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. आमच्या मराठवाड्यात त्याला म्हणतात शेक. "आईचा शेक चालू आहे." "किती शेक राहिले?" "शेकाला आलोय, कुठं बसू?" डॉक्टर, नर्स, रिक्षावाले, सगळे हेच म्हणतात. मी शेकवाली बाई. माझे जुने सहकारी रफीकभाई हे शेकवाले भाई. एका म्हाताऱ्या रुग्णानं त्यांना सगळा कोर्सभर 'शेखभाई' म्हणून हाक मारली. शेवटच्या दिवशी रफीकभाई हात जोडून म्हणाले, "चाचा, अब तो सुन लो. मैं शेख नहीं, पठान हूँ."

शब्द चांगला आहे. घरातला आहे. गुडघा दुखला की तापलेल्या विटेचा शेक, बाळंतिणीला शेगडीचा शेक, दाढ ठणकली की मिठाच्या पुरचुंडीचा शेक. पहिल्यांदा आलेला माणूस मशीन बघून पांढरा पडतो. त्याला म्हटलं, "शेकच आहे हो," की त्याच्या तोंडावर रंग परत येतो. या शब्दानं आमच्यावर फार उपकार केलेत. फक्त एकदा त्यानं आम्हाला तोंडघशी पाडलं, ते कोरोनाच्या साथीत.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. एका सकाळी सगळं बंद झालं. मी राहते छावणीत. तिथून दवाखान्यात स्कूटरनं जाताना रोज एक पोलीस अडवायचा. "कुठं?" "शेकाला." "काय दुखतंय?" हे झाल्याशिवाय आमचा दिवस सुरू व्हायचा नाही. ओळखपत्र माझ्या गळ्यात लोंबत असायचं, पण त्यालाही बिचाऱ्याला दिवसभर बोलायला कुणी नसावं.

दवाखान्यात पोचल्यावर मात्र गंमत संपायची. आमचा बाहेरचा हॉल म्हणजे एरवी जत्रा. वैजापूर, सिल्लोड, पैठण, कुठून कुठून माणसं यायची. एका रुग्णाबरोबर तीन नातेवाईक, आणि तिघांचे चार डबे. आत नंबर लागेपर्यंत बाहेर भाकरी-ठेच्याची देवाणघेवाण चालायची. कुणाला उलटी झाली तर शेजारची अनोळखी बाई पाठीवरून हात फिरवायची. आमच्या उपचारात तो हातही होता, हे मला हॉल रिकामा झाल्यावर कळलं. आता बाकड्यांवर एकाआड एक फुल्या मारलेल्या. नातेवाईक फाटकाबाहेर. लांब लांब बसलेले रुग्ण, जणू एकमेकांशी भांडण झालंय. कुणी खोकलं की सगळ्यांच्या माना वळायच्या. आणि कॅन्सरचा रुग्ण खोकतोच, त्याला काय करणार?

कित्येक जण यायचेच बंद झाले. एसटी बंद, रस्त्यावर पोलिसांचे नाके, आणि मनात दुहेरी भीती. घरी राहावं तर गाठ वाढणार, दवाखान्यात यावं तर कोरोना गाठणार. डॉक्टर मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला बोलावलं.

"जे येत नाहीत त्यांना रोज फोन करा. तुमचा आवाज चांगला आहे."

आवाज मला वडिलांकडून मिळाला. आमच्या वस्तीत भीमजयंतीला माईक त्यांच्याकडे असायचा. हरवलेलं पोर, सापडलेली चप्पल, थंड झालेली खीर, सगळ्यांच्या घोषणा ते एकाच थाटात करायचे. मी त्यांच्या मांडीवर बसून शिकले. पुढे शाळेत, गॅदरिंगमध्ये, हौशी नाटकांत मी राणीपासून पोपटापर्यंत सगळं केलं. पोपट जास्त चांगला व्हायचा.

तर फोन सुरू झाले. फर्दापूरचे एक गाईड होते, अजिंठ्याची लेणी दाखवायचे. घशाचा कॅन्सर, आवाज घोगरा झालेला, पण चेष्टामस्करी शाबूत. "ताई, लेणीच बंद आहेत, तर गाईड कशाला चालू ठेवता? एसटी सुरू झाली की पहिल्या गाडीनं येतो." मी रोज फोन करायची, ते रोज पहिल्या गाडीचा वायदा करायचे. एसटी सुरू झाली तेव्हा मी फोन केला, तर तो त्यांच्या मुलीनं उचलला. पुढचं सांगत नाही. अजूनही फर्दापूरची पाटी लावलेली गाडी दिसली की मी तिच्या दाराकडे बघते.

गाईड अजून फोनवर हसत होते, त्याच दिवसांत मी साळूबाईंना पहिला फोन लावला.

साळूबाई देवगाव रंगारीजवळच्या वाडीतल्या. घर मेंढपाळांचं. आता थोडी शेती, थोडी मजुरी आणि शेळ्या. मिशरीनं गालाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन होऊन शेक सुरू झाले आणि मधेच सगळं बंद पडलं. साथीआधी साळूबाई सकाळच्या पाळीत, रफीकभाईंकडे यायच्या, म्हणून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हॅलो, साळूबाई आहेत का?"

"मीच हाय. कोण बोलतंय?"

"शेकाच्या दवाखान्यातून बोलतेय, मावशी. तुमचे शेक राहिलेत ना? तुम्ही येत नाही आहात."

"राहिलेत कशानं? रोज घेतेय की."

मला वाटलं, दुसरीकडे कुठं सोय झाली असेल. "अरे वा! कुठं घेता?"

"घरीच. चुलीपाशी. फोन लावला की ती बाई सांगतीय न्हवं, घरातच ऱ्हावा म्हनून? मंग म्या घरीच घेतेय. सकाळी येक, सांजच्याला येक. तुम्ही तर दिवसाला येकच देत व्हता. माझा जास्तीच झालाय."

"मावशी, शेक कशाचा देताय?"

"खड्याचं मीठ. तव्यावर तापवायचं, फडक्यात बांधायचं. आन तुमची ती तोंडावरची चाळण नाय ना माझ्याकडं, म्हनून पिठाची चाळण घेते तोंडावर. तिच्यावरनं देते. अजाबात हलत नाय."

इथं थोडं थांबून चाळणीचं सांगते. तोंडाचा किंवा घशाचा शेक देताना डोकं केसभरसुद्धा हलून चालत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाचा जाळीचा मास्क बनवतात. प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात बुडवला की पुरणपोळीसारखा मऊ होतो. तो चेहऱ्यावर ताणून बसवायचा. थोड्या वेळात थंड होऊन नाकाडोळ्यांसकट कडक होतो. रोज तो तोंडावर ठेवून कडेनं टेबलाला पक्का करतात. साळूबाईंनी त्याची चाळण केली, आणि खरं सांगायचं तर तो दिसतोही तसाच.

चुलीपाशी डोळे मिटून, तोंडावर पिठाची चाळण घेऊन, जराही न हलता पडलेली बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. मी फोनवर हात ठेवून हसले. रफीकभाईंना सांगितलं, तेही हसले. मग माझं हसू एकदम गेलं.

"मावशी, गाल कसा आहे?"

"लाल झालाय. जरा पानी सुटतंय. म्हंजे लागू पडतंय न्हवं?"

शेक चालू असलेली कातडी किती नाजूक होते हे आम्ही रोज बघतो. तिथं आम्ही साबणसुद्धा लावू देत नाही, आणि ही बाई तापलं मीठ लावत होती. आतली गाठ मात्र इतके दिवस मोकळी. मी घाबरून सगळं एका दमात सांगितलं. मीठ बंद, तवा बंद, चाळण पिठाला. हा तो शेक नव्हे, आमच्या मशीनमधून किरणं येतात, त्यात ऊब नसतेच.

साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग साळूबाईंचा आवाज आला, दुखावलेला.

"मंग त्याला शेक कशाला म्हनता?"

हाच प्रश्न मी डॉक्टर मॅडमना विचारला. त्यांनी तो रफीकभाईंकडे ढकलला. 

आता साळूबाईंना आणायचं कसं? त्यांच्या मुलाशी, म्हसूशी, मी बोलले. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. वाडीच्या वाटेवर लोकांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. शहरात गेलेल्या माणसाला परत आत घेणार नव्हते. म्हणजे रोज येणं-जाणं शक्यच नाही. शेक संपेपर्यंत त्यांना इथंच राहायला हवं. म्हसूची बायको ओली बाळंतीण, शेळ्या रानात न्यायला तो एकटा. "बाई, आई आजवर येकटी कुठं ऱ्हायलीच नाय," तो म्हणाला. "शेळ्या सोडून तर मुळीच नाय."

शेवटी त्या आल्या. कांद्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, कारण कांद्याला नाक्यावर कुणी अडवत नव्हतं. दवाखान्यानं बाहेरगावच्या रुग्णांसाठी एक रिकामी खोली उघडली होती, पलंग लांब लांब ठेवून. मी त्यांना प्रथम पाहिलं ते तिथं. बारीक अंग, मोठं कुंकू, आणि एका बाजूला ओढला गेलेला गाल पदराखाली. माझं मात्र त्यांना काही दिसलंच नाही. डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा पोशाख, दोन मास्क, वर पारदर्शक झापड. त्या खोलीत आम्ही सगळे सारखेच दिसायचो. त्यांनी मला ओळखलं ते आवाजावरून.

"फोनवाली व्हय तू?"

"हो मावशी."

"बरी हायस का पोरी?"

रुग्ण त्या, आणि ख्यालीखुशाली माझी विचारत होत्या!

डॉक्टर मॅडमनी आधी गालाची कातडी भरून येऊ दिली. मग जुना मास्क लावून बघितला, तर तो ढिला. मधल्या काळात चेहरा वाळून बारीक झाला होता. ढिल्या मास्कमध्ये डोकं हलतं, म्हणून नवा मास्क करायचं ठरलं. मी गरम पाण्यातून मऊ पत्रा काढला आणि त्यांच्या चेहऱ्यावर बसवला. ऊब लागल्याबरोबर साळूबाई सुस्कारल्या. मास्क निघाल्यावर पहिलं वाक्य म्हणाल्या, "हां! ह्यो खरा शेक. इतके दिस ह्यो का नाय दिला?"

शेक पुन्हा सुरू झाले. गाडी रुळावर आली असं आम्हाला वाटलं. पण आठवडाभरात साळूबाईंनी जेवण टाकलं. इतक्या शेकांनंतर तोंड आतून सोललेलं असतं, गिळताना त्रास होतोच. पातळ खिचडी, ताक, सगळं करून दिलं. ताट तसंच परत यायचं.

"मावशी, जेवत का नाही?"

"कुनासंगं जेवू? तिकडं दिसभर शेळ्यांशी बोलते. इथं समदी पांढरी भुतं. कोन कोन हाय तेच कळत नाय. जवळ जावं तर लांब सरकतात. मला घरी जाऊ दे पोरी. म्हसूला सांग, टेम्पो धाड म्हनून."

"आणि शेक?"

"लई झाला."

डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "वजन आणखी उतरलं तर नवा मास्कही ढिला होईल. पुन्हा थांबावं लागेल. दुसरा खंड हा गाल सोसणार नाही. काहीही करा, त्यांना जेवतं करा आणि इथं ठेवा."

काहीही करा, असं मला सांगायला नको होतं. मला तेवढंच पुरतं.

मी म्हसूला फोन लावला. "तू उद्या शेळ्यांत असशील ना? मी सांगेन तेव्हा फोन त्यांच्या तोंडाजवळ धर."

दुसऱ्या दिवशी साळूबाई मास्कखाली टेबलावर, दार बंद, मी बाहेर माईकपाशी. मी मोबाईलचा आवाज मोठा केला आणि माईकला लावला. देवगावच्या रानातल्या सगळ्या शेळ्या आमच्या त्या जाड भिंतींच्या खोलीत शिरल्या. बें बें, घंटा, मधे म्हसूचं "हुर्र्र". कॅमेऱ्यात मला साळूबाईंची बोटं दिसली. पोटावर ठेवलेली बोटं वळली, उघडली. मी खूश. इकडे मशीन सुरू झालं आणि तिकडे मास्कच्या आतून आवाज आला, "ड्रर्रर्र! हीय! भुरे, इकडं ये!"

जबडा हलला. रफीकभाईंनी धाडकन मशीन थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "क्या बाई! सेक उनकू देना है के बकरियोंकू?"

मग नियम ठरला. शेळ्या आधी आणि नंतर. मशीन चालू असताना शेळी, माणूस, देव, कुणीही बोलायचं नाही. त्या दिवशी साळूबाईंनी खिचडीची अर्धी ताटली संपवली आणि मला माझी युक्ती फार थोर वाटू लागली.

पुढं रेंजनं घात केला. वाडीत फोन लागेना. साळूबाई टेबलावर निजलेल्या, कान टवकारून. मला कॅमेऱ्यात त्यांचे मास्कखालचे डोळे दिसत नव्हते, पण वाट बघणारं माणूस पायांच्या अंगठ्यांवरूनही कळतं. मी रफीकभाईंकडे बघितलं.

"नक्को," ते म्हणाले. माझ्या मनात काय आलंय ते त्यांना कळलं होतं.

मी माईकवर वाकले आणि शेळी झाले. आधी एक मोठी शेळी, मग तिचं करडू, मग लांबून उत्तर देणारी दुसरी शेळी. रफीकभाई कपाळाला हात लावून ऐकत राहिले. तिसऱ्या शेळीनंतर त्यांचाही संयम सुटला. "हटो. बोकड मेरेकू करने दो." आणि दाढीवर दोन मास्क लावलेले, आजोबा होऊन बसलेले रफीकभाई असे काही खर्जात ओरडले की मी दचकले. मागं वळून बघितलं तर डॉक्टर मॅडम उभ्या. किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे. त्या म्हणाल्या, "घंटा राहिली." आणि हातातल्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माईकसमोर हलवला.

शेक संपला. मी मास्क काढायला आत गेले. साळूबाई उठून बसल्या, गालाला पदर लावला.

"पोरी, आज शेळ्या कुनाच्या व्हत्या?"

"तुमच्याच की मावशी."

"माझ्या नाय. त्यो बोकड तर हिंदीत वरडत व्हता."

मी जाळी पुसायला घेतली.

"आन ती म्होरची शेळी. तिला दाखवा कुनाला तरी. घसा बसलाय बिचारीचा."

एवढं म्हणून त्या हसायला लागल्या. हसताना दुखायचं, म्हणून गाल धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. दाराशी रफीकभाई मान खाली घालून उभे होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे. त्यांच्याकडे बोट करून साळूबाई म्हणाल्या, "ह्योच न्हवं त्यो बोकड? उद्या बी आन त्याला. बरा हाय."

दुपारी ताट रिकामं परत आलं.

बातमी त्या खोलीत पसरली आणि मग आमची काही खैर राहिली नाही. जो तो टेबलावर निजण्याआधी फर्माईश करू लागला. एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांना बसस्टँडवरची घोषणा हवी असायची. मी नाक चिमटीत धरून सांगायची, कन्नडमार्गे चाळीसगावला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. ते आतून विचारायचे, "वेळेवर आहे का?" गाड्या तर डेपोत धूळ खात उभ्या होत्या. मी सांगायची, "आज वेळेवर आहे." एका बाईंना फक्त कुकरची शिट्टी हवी होती. ती रफीकभाई वाजवायचे. बोकडानंतर त्यांना कशाचीच लाज उरली नव्हती. त्या दिवसांत बाहेर काय चाललं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडेही रोज कुणीतरी तापानं फणफणायचं आणि सगळे त्याच्या रिपोर्टची वाट बघत बसायचे. पण आज मागे वळून बघते तेव्हा मला त्या खोलीतून येणारं हसू आधी ऐकू येतं. तशी नोकरी मी आधी केली नव्हती, नंतरही केली नाही. आता हॉल पुन्हा भरलाय, माईक पुन्हा "हलू नका", "झालं, उठा" एवढंच बोलतो. सगळं नीट चाललंय. मला मात्र कधी कधी बटणावर हात ठेवून एक शेळी सोडावीशी वाटते.

साळूबाईंचं वजन टिकलं. वाढलं नाही, पण टिकलं. मास्क शेवटपर्यंत घट्ट बसला आणि त्यांचे राहिलेले सगळे शेक खंड न पडता पुरे झाले. शेवटच्या दिवशी मी जाळी काढली, तेव्हा त्यांच्या कपाळावर नेहमीसारखे तिचे चौकोन उमटले होते. डॉक्टर मॅडमनी गाल तपासला, मान डोलावली. वाडीतल्या लोकांनीही मान्य केलं होतं की थोडे दिवस शेतातल्या खोपीत राहिल्या तर गावात घेऊ. "खोपीत शेळ्या बी असत्यात," साळूबाई म्हणाल्या, म्हणजे प्रश्न मिटला.

फाटकाबाहेर म्हसू टेम्पो घेऊन आला होता. मी आणि डॉक्टर मॅडम त्यांना सोडायला आवारातल्या कडुनिंबापर्यंत गेलो, मधे चार हात अंतर ठेवून. त्या चालता चालता थांबल्या.

"पोरी, येक मागू?"

"मागा ना."

"तोंड दाखीव."

"मावशी, इथं मास्क काढायची परवानगी नाही हो."

"माझं तोंड तू रोज हातानं चाचपलंस. माझ्या म्हाताऱ्यानं बी जल्मात येवढं बघितलं नसंल. आन म्या गावात काय सांगू, कुनी बरं केलं? पांढऱ्या पिशवीनं?"

मी डॉक्टर मॅडमकडे बघितलं. त्या आमच्याकडे पाठ करून कडुनिंबाचा पाला फार बारकाईनं तपासू लागल्या.

मी आणखी मागे सरकले, पार कुंपणाच्या भिंतीपर्यंत. झापड काढलं, एक मास्क काढला, दुसरा काढला, टोपी काढली. घामानं केस चिकटलेले, नाकावर पट्टीचा काळा वळ. पण रंगमंचाची सवय जात नाही. मी दोन्ही हात पसरून एक गिरकी घेतली.

साळूबाई बघत राहिल्या. वरून खाली, खालून वर. मग म्हणाल्या, "आगं बया! तू तर म्हातारी हायस!"

"म्हातारी? पन्नाशीसुद्धा आली नाही अजून!"

"आवाजावरनं वाटलं लग्नाची पोर हाय. म्या म्हसूच्या चुलतभावासाठी बघत व्हते तुला."

तिकडे टेम्पोजवळ म्हसूनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. रफीकभाई दारातून म्हणाले, "हाथसे रिश्ता गया, बाई." मी हसत होते. साळूबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि दोन्ही हात वर केले. आमच्यामधे सगळं आवार मोकळं होतं. तिथूनच, हवेतच, त्यांनी ते हात माझ्या तोंडावरून सावकाश खाली फिरवले, आपल्या कानशिलांपाशी नेले, दुखऱ्या गालाला धक्का लागू न देता, आणि बोटं मोडली. कडाकडा वाजली. मला भिंतीपाशी ऐकू आली.

"बघ," त्या म्हणाल्या, "समदी वाजली. लई नजर लागली व्हती तुला. झाक आता तोंड."